व्हिएन्ना खोडली तेव्हा

टेबलावर नकाशा मावत नाही,
म्हणून झुझुनाच्या शिलाई मशीनवर फळी टाकून
त्यावर पसरलाय.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मीठदाणी, आंबट आलुबुखारच्या चटणीची बाटली,
गुलिकोचा चष्मा,
आणि मँगनीजचा एक काळा खडा,
जो चियातुरात कुठल्याही घरी दारामागे सापडतो.

आम्ही पाचजणी.
दरीवरच्या पाळण्यांत तीस-तीस वर्षं काढलेल्या.
दार लाव, घंटा दे, सोड.
दार उघड, घंटा दे, सोड.
त्सियालाने एकदा हिशेब मांडला होता,
जाऊन-येऊन आपला जेवढा प्रवास झाला
त्यात पृथ्वीला दोन फेऱ्या झाल्या असत्या,
वर थोडं उरलं असतं.
पण रोज संध्याकाळी उतरायचो
जिथे सकाळी चढलो होतो तिथेच.

आता पासपोर्ट आलेत.
नानुलीने फोटोत श्वास रोखलाय,
अजून सोडलेला दिसत नाही.

वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं
आणि माझ्याच्याने भांडवत नाही.
कुताइसीहून विमान, पहाटे पाच-चाळीस.
बुडापेस्ट, तीन रात्री.
तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत.
गुलिको म्हणते, मी कुठे येतेय,
माझे गुडघे येतायत, मी सोबतीला.
मग रेल्वे. व्हिएन्ना, दोन रात्री.
ही त्सियालाची. तिच्या कपाटात
आईच्या वेळचा एक कप आहे, बशी फुटलेली,
तळाला ते नाव.
मग प्राग, आणि मग घर.
चीज नेता येत नाही, झुझुनाच्या नातवाने
फोनवर वाचून दाखवलं.
"मग तिथली माणसं खातात काय?"
याचं उत्तर त्यात नव्हतं.

नानुली काहीच मागत नाही.
तिचं बोट मात्र मघापासून
नकाशात वरच्या अंगाला, आमच्या रेघेच्या बाहेर,
एका ठिपक्यावर.
व्रोत्स्वाफ.
तिथल्या कुठल्याशा गोदामात तिचा झाझा खोकी उचलतो.
सहा वर्षं झाली. तीनदा घर बदललं.
पैसे येतात, एक तारखेला, चुकत नाहीत.
पैशांना काही विचारलं तर बोलत नाहीत.

आम्ही बघितलं हे तिने बघितलं,
आणि बोट उचललं,
जणू खाली भाकरीचा कण होता.
"काही नाही गं. लांब किती, तेवढंच बघत होते."

मग बराच वेळ कुणी कपही हलवला नाही.

त्सियालाने माझ्या हातातली पेन्सिल घेतली,
उलटी केली,
आणि रबराने व्हिएन्ना खोडू लागली.
"ती कुठे पळून जातेय?
इतकी शतकं उभी आहे, उभी राहील अजून."
कागद फाटेल इतक्या जोरात.

नानुली म्हणाली, नको,
माझ्यासाठी रेघ मोडू नका.
मग म्हणाली, त्याला कळवू नका,
सुट्टी मागेल, मिळणार नाही, मग जेवणार नाही.
मग, फार हळू,
"आणि त्याने दारच नाही उघडलं तर?"

झुझुना केक कापत होती. वर न बघता म्हणाली,
"दार उघडायचं काम त्याचं कधी होतं?
आयुष्यभर आपणच उघडलीत."

रात्रीची बस. नऊ-दहा तास.
संडास आहे का बघ, गुलिको म्हणाली,
आधी ते बघ, मग बाकीचं.

मी लिहायला घेतलं. व्रोत्स्वाफ.
अक्षर बरं असून तीनदा चुकलं.
खाली व्हिएन्ना पुसट दिसतच राहिली,
दोन रात्रींसकट.
त्सियालाने रबराचे कण
फळीवरून तळहातावर गोळा केले,
इकडेतिकडे पाहिलं, टाकायचे कुठे,
आणि शेवटी
स्वेटरच्या खिशात ठेवले.